तांब्याच्या भुकटीविषयी: राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या नियामक मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
नियामक मंडळ, राष्ट्रीय क्वांटम मिशन,
नवी दिल्ली



7 ऑक्टोबर 2025 रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना जाहीर झालं. हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात क्वांटम टनेलिंग आणि ऊर्जेचे तुटक टप्पे दाखवून दिल्याबद्दल हा पुरस्कार होता. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचा सूर एकच होता, क्वांटम संगणकाचा पाया घालणाऱ्यांचा सन्मान झाला. बातमी खोटी नाही, पण ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलेली आहे. हे प्रयोग 1984-85 साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ज्या प्रयोगशाळेत झाले, तिथे कोणी संगणक बांधत नव्हतं. एका जुन्या, बऱ्याच जणांना निरुपयोगी वाटणाऱ्या शंकेचा निकाल लावणं चाललं होतं. त्यात सगळ्यात अवघड काम कोणतं असेल, तर खोलीतल्या उबेचा गोंगाट तारांवाटे खाली उतरू न देणं. त्यासाठी त्यांनी जे गाळणं घडवलं, त्यातला मुख्य माल म्हणजे तांब्याची भुकटी.

हे पत्र त्या भुकटीविषयी आहे, आणि ती हाताळणाऱ्यांविषयी.

आपल्या मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 एप्रिल 2023 रोजी मंजुरी दिली. मुदत 2030-31 पर्यंत, तरतूद 6,003.65 कोटी रुपयांची. जाहीर उद्दिष्टांतलं पहिलंच वाक्य आठ वर्षांत 50 ते 1000 भौतिक क्यूबिटचे संगणक उभारण्याचं आहे, आणि त्यासाठी नाव घेतलेल्या मार्गांत अतिवाहक, म्हणजे विद्युतरोध नाहीसा झालेल्या, मंडलांचा मार्ग आघाडीवर आहे. म्हणजे बर्कलीच्या त्या प्रयोगाची थेट पुढची पिढी. तेव्हा त्या प्रयोगाचं घराणं कोणतं, ते कोणाच्या हातांनी वाढलं, हे मंडळाने एकदा नीट पाहावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. माझी मागणी लहान आहे. ती शेवटी सांगतो, कारण इतिहासाशिवाय ती चमत्कारिक वाटेल.

सुरुवात हेलियमपासून करावी लागते. हेलियमचं नाव निघालं की कोकणातला माणूस विजयदुर्गावरचा ‘साहेबाचा कट्टा’ दाखवतो आणि 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम तिथूनच पहिल्यांदा दिसला, अशी गोष्ट सांगतो. गोष्ट गोड आहे. पण या शोधाशी ज्यांची नावं जोडली जातात, त्यांपैकी जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते आणि लॉक्यर इंग्लंडमध्ये. लॉक्यर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, तीही ग्रहणाशिवाय. (यावर देवगड-विजयदुर्गाकडून रागाची पत्रं आली तर ती माझ्याकडे धाडावीत, मंडळाला त्रास नको.) पृथ्वीवर हा वायू 1895 मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजात सापडला. त्यानंतर शर्यत लागली ती त्याचा द्रव करण्याची. इतर सगळे वायू एकेक करून हरले होते, हा एकटा उरला होता.

शर्यत जिंकली हॉलंडमधल्या लायडनच्या हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी, 10 जुलै 1908 रोजी. वायू मिळवला तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या मोनाझाइट वाळूतून, आणि ती वाळू मिळवून द्यायला मदत केली अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्यापारविषयक माहितीच्या कार्यालयात असलेल्या त्यांच्या भावाने. पहाटे काम सुरू झालं. संध्याकाळ झाली तरी भांड्यात काही दिसेना, तापमापक मात्र एका जागी अडून बसलेला. बघायला आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाने सुचवलं, भांड्यावर खालून उजेड टाकून पाहा. टाकला, तर द्रवाचा काठ चमकला. द्रव भांड्यात कधीच जमू लागला होता, वरच्या उजेडात तो दिसतच नव्हता! अवघे 60 घनसेंटीमीटर, उणे 269 अंश सेल्सिअसला उकळणारे. पुढची पंधरा वर्षं जगात दुसऱ्या कोणालाही हे जमलं नाही. 1923 मध्ये टोरांटोत जमलं तेव्हा कुठे लायडनची मक्तेदारी संपली.

पंधरा वर्षं का लागली? ओन्नेस यांचे लेख छापलेले होते, त्यांचा मार्ग सगळ्यांना ठाऊक होता. उत्तर असं, की लायडनमध्ये जे होतं ते लेखात मावणारं नव्हतं. तिथे खेरिट फ्लिम नावाचे मुख्य तंत्रज्ञ होते. ऑस्कर केसेलरिंग नावाचे काचकाम करणारे उस्ताद होते. आणि 1901 पासून ओन्नेस यांनी चालवलेली, उपकरणं घडवणाऱ्या कारागिरांची शाळा होती. तिथली उमेदवार पोरं निळे डगले घालून प्रयोगशाळेत राबत, म्हणून त्यांना सगळे ‘निळी पोरं’ म्हणत. त्यांना धातू कातायला, काच फुंकायला, पंप उघडून पुन्हा जोडायला शिकवलं जाई. ही शाळा आजही लायडनमध्ये सुरू आहे. सव्वाशे वर्षांत तिथून दोन महायुद्धं गेली, प्रयोगशाळेचं वैभव आलं आणि ओसरलं, शाळा टिकली.

8 एप्रिल 1911 चा दिवस पाहा. द्रव हेलियमच्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध मोजायचा होता. थंड भांडं फ्लिम यांच्या हातात. पंपांच्या धडधडीने गॅल्व्हानोमीटर थरथरू नये म्हणून तो दूरच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेला आणि त्याच्यापुढे खिलेस होल्स्ट बसलेले. पाऱ्याचा रोध नाहीसा झाला. अतिवाहकतेचा जन्म झाला तो असा, गोंगाटापासून पळून जाऊन बसलेल्या एका माणसाच्या डोळ्यांपुढे. शोधनिबंधावर नाव एकट्या ओन्नेस यांचं, 1913चं नोबेलही त्यांचंच. होल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले, म्हणून ते निदान इतिहासाच्या पुस्तकांत उरले. फ्लिम तेवढेही नाहीत.

त्याच दिवसाच्या वहीत आणखी एक नोंद आहे. भांडं आणखी थंड करत नेलं, तेव्हा हेलियमचं उकळणं एकाएकी थांबलं आणि द्रव नुसता शांतपणे आटू लागला, असं लिहून ठेवलंय. ती अतिप्रवाहितेची, म्हणजे द्रवाचा चिकटपणा नाहीसा होण्याची, पहिली खूण होती. कोणाला कळलं नाही. निसर्गाने एकाच दिवशी दोन दारं उघडली, आत पाऊल पडलं एकातच. दुसऱ्यातून आत जायला 26 वर्षं लागली.

ती 26 वर्षं मी भराभर ओलांडतो. 1933 मध्ये जर्मनीत माइस्नर आणि ओक्सनफेल्ड यांना दिसलं की अतिवाहक चुंबकी क्षेत्र आपल्या अंगातून बाहेर ढकलतो. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि फ्रिट्झ व हाइंट्झ लंडन या ज्यू भावांना देश सोडावा लागला. ऑक्सफर्डच्या आसऱ्याला बसून त्यांनी 1935 मध्ये अतिवाहकाची समीकरणं मांडली, आणि फ्रिट्झ यांनी एक धाडसी कल्पना पुढे केली, की अणूच्या आत इलेक्ट्रॉन जसा वागतो, तशा एकसंध क्वांटम अवस्थेत अख्खा धातूचा तुकडा असू शकतो. ‘स्थूल क्वांटम’ हा विचार पहिल्यांदा स्पष्टपणे उच्चारला गेला तो एका निर्वासिताच्या तोंडून.

प्योत्र कापित्सा यांची हकीकत मात्र भराभर ओलांडता येत नाही, कारण ती थेट आपल्या कामाची आहे. केंब्रिजमध्ये रदरफर्ड यांच्या पंखाखाली वाढलेला हा रशियन 1934 मध्ये मायदेशी भेटीला गेला आणि स्टालिनच्या सरकारने त्याला परत येऊ दिलं नाही. मॉस्कोत नवी संस्था देऊ केली. कापित्सा म्हणाले, माझी यंत्रं हवीत. रदरफर्ड यांनी मध्यस्थी केली आणि केंब्रिजने ती यंत्रं 30,000 पौंडांना सोव्हिएत सरकारला विकली. पण यंत्रं येऊन काय होणार? कापित्सांनी आपल्या केंब्रिजच्या दोन तंत्र-सहायकांनाही, पिअर्सन आणि लाउरमान यांना, मॉस्कोला मागून घेतलं. ते आले, यंत्रं उभी राहिली, आणि डिसेंबर 1937 मध्ये कापित्सांनी मॉस्कोहून ‘नेचर’ला पत्र पाठवलं, की 2.2 केल्विनखाली हेलियमचा चिकटपणा जवळजवळ नाहीसा होतो. तीनच आठवड्यांच्या आत तशाच निष्कर्षाचं पत्र जॅक अ‍ॅलन आणि डॉन माइझनर यांनी केंब्रिजहून पाठवलं. ते काम करत होते त्याच मॉन्ड प्रयोगशाळेत, जी मुळात कापित्सांसाठी बांधली होती. दोन्ही पत्रं 8 जानेवारी 1938च्या अंकात शेजारीशेजारी छापून आली. कापित्सांना नोबेल मिळालं 1978 मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. अ‍ॅलन आणि माइझनर यांना काही नाही.

त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी पॅरिसहून सांगितलं, की हेलियमच्या या वागण्याचं मूळ ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये मांडलेल्या आणि आइनस्टाइन यांनी पुढे नेलेल्या संख्याशास्त्रात आहे. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लांदाउ यांना हे मान्य नव्हतं; त्यांनी 1941 मध्ये आपली वेगळी उपपत्ती रचली. दोघांचंही काही खरं होतं, पण तो वाद इथे उकरत नाही.

युद्धानंतर या क्षेत्राला उधाण आलं. 1957 मध्ये बार्डीन, कूपर, श्रीफर यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचा सिद्धान्त दिला. 1961 मध्ये स्टॅनफर्ड आणि म्युनिकजवळच्या दोन गटांनी एकाच वेळी मोजून दाखवलं, की अतिवाहक कड्यात अडकलेला चुंबकी प्रवाह ठरावीक मापांतच येतो, आणि ते माप लंडन यांच्या भाकिताच्या निम्मं आहे. निम्मं अशासाठी, की प्रवास एकेकट्या इलेक्ट्रॉनचा नसून जोडीचा असतो. 1962 मध्ये ब्रायन जोसेफसन या केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलं, की दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा पातळ पापुद्रा ठेवला तर या जोड्या व्होल्टेज नसतानाही पलीकडे जातील. बार्डीन यांनी जाहीर विरोध केला. दोनदा नोबेल मिळवणारा माणूस या बाबतीत चुकला. गंमत अशी, की असा प्रवाह आधीच कित्येक प्रयोगशाळांत दिसलेला होता. पापुद्र्याला भोक पडून शॉर्ट झाला असेल, असं समजून लोकांनी ते नमुने बाजूला टाकले होते. 1963 मध्ये बेल लॅबच्या अँडरसन आणि रॉवेल यांनी चुंबकी क्षेत्र लावून दाखवलं, की हा शॉर्ट नव्हे. पुढच्याच वर्षी फोर्ड या मोटारींच्या कंपनीच्या संशोधनशाळेत स्क्विड बनलं, चुंबकी क्षेत्राचं अत्यंत नाजूक मापक. मोटार कंपनीला त्यातून काय मिळायचं होतं, कोण जाणे.

जॉन क्लार्क इथे येतात. साठच्या दशकाच्या मध्याला केंब्रिजमध्ये पिपर्ड यांच्याकडे ते पीएचडी करत होते आणि अतिशय नाजूक व्होल्टमापक हवा म्हणून तशा पापुद्र्याचं जोसेफसन जंक्शन बनवायच्या खटपटीत होते. बारीक पापुद्रे घडवणं जिकिरीचं. मग नायोबियमच्या तारेचा तुकडा घेतला आणि त्यावर डाग देण्याच्या शिशाचा एक थेंब गोठू दिला. नायोबियमवर ऑक्साइड आपोआप धरलेलं असतंच, झालं जंक्शन. ते ओबडधोबड प्रकरण पाहून पिपर्ड यांनी त्याला स्लग म्हटलं, पावसाळ्यात भिंतीवर चढते ती बिनशंखाची गोगलगाय. नाव कायमचं चिकटलं. साठ वर्षांनी नोबेल मिळालेला माणूस तरुणपणी सोल्डरिंग आयर्न हातात धरून होता, ही गोष्ट आपल्या निवड समित्यांनी अधूनमधून आठवावी.

आता ती शंका. ती उपस्थित केली अँथनी लेगेट यांनी. ऑक्सफर्डमध्ये आधी ग्रीक-लॅटिन, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकून मग पुन्हा पहिल्या पायरीपासून भौतिकशास्त्राकडे वळलेला हा माणूस. 1980च्या सुमारास ससेक्समध्ये असताना त्यांनी विचारलं, की आपण ज्यांना स्थूल क्वांटम घटना म्हणतो त्या खरंच स्थूल आहेत का? अतिवाहकात अब्जावधी जोड्या एकसारख्या वागतात हे खरं, पण त्यातली क्वांटम करामत प्रत्येक जोडीच्या पातळीवरची आहे. आपल्याला दिसते ती तिची अब्जावधी वेळा केलेली बेरीज. श्रोडिंगर यांनी 1935 मध्ये मांजराचं उदाहरण देऊन जो पेच घातला होता, त्याला या बेरजेने धक्काही लागत नाही. पेच तेव्हाच सुटेल, जेव्हा एखादी एकच मोठी राशी, अख्ख्या मंडलाची मिळून एक, स्वतः क्वांटम नियमांनी वागताना दिसेल. म्हणजे अडथळा न ओलांडता पलीकडे निघेल, किंवा एकाच वेळी दोन अवस्थांत असेल. कदाचित तसं होणारच नाही. कदाचित एका आकारापुढे पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटमचे नियम, चालतच नसेल. लेगेट यांना ही शक्यता मनापासून खुली ठेवायची होती, आणि मला वाटतं, यातच त्यांचा मोठेपणा आहे. ज्या सिद्धान्ताने पन्नास वर्षं एकदाही दगा दिला नाही, त्याचा आणखी एक उपयोग शोधण्यापेक्षा तो मोडतो कुठे ते बघू, असं म्हणणारी माणसं थोडी असतात आणि त्यांना अनुदान त्याहून थोडं मिळतं.

आपला ब्राझिलियन विद्यार्थी अमीर काल्देइरा याच्याबरोबर लेगेट यांनी 1981 मध्ये गणित करून दाखवलं, की भोवतालाशी होणारं घर्षण असं टनेलिंग किती मंदावेल. त्यामुळे प्रयोगाला हिशेब मिळाला, किती थंडी हवी आणि किती शांतता. जागाही ठरली, जोसेफसन जंक्शन.

जंक्शनमध्ये ती ‘एकच मोठी राशी’ म्हणजे दोन बाजूंच्या अतिवाहकांमधला कलाभेद (फेजमधला फरक). सिमेंटचा नालीदार पत्रा थोडा तिरका धरून त्याच्या एका पन्हाळीत गोटी ठेवली आहे असं समजा. पत्र्याचा उतार म्हणजे मंडलातून सोडलेला विद्युतप्रवाह आणि गोटीची जागा म्हणजे तो कलाभेद. गोटी पन्हाळीत बसून आहे तोवर व्होल्टेज शून्य. ती निसटली की उतारावरून गडगडत सुटते आणि व्होल्टेज उमटतं. निसटण्याच्या वाटा दोन. एक, उष्णतेच्या धक्क्यांनी कड ओलांडणं. दुसरी, कड न ओलांडताच पलीकडे असणं. थंड करत गेलं तर पहिली वाट बंद होत जाते. तरीही एका तापमानाखाली निसटण्याचा वेग घटायचा थांबला, तर समजावं की दुसरी वाट चालू आहे.

पण त्याला आणखी एक साधं कारण असू शकतं, आणि तिथेच 1981 चे पहिले प्रयोग अडले. आयबीएमचे व्हॉस आणि वेब, तसाच बेल लॅबचा एक गट, यांना वेग घटायचा थांबलेला दिसला होता. पण मंडलाला जोडलेल्या तारा वर खोलीच्या तापमानाला येतात. त्यांतून सूक्ष्मलहरींचा गोंगाट खाली उतरून गोटीला ढुशा देत असेल, तर भांडं कितीही थंड असलं तरी गोटीला थंडी लागतच नाही. वेग थांबला तो क्वांटममुळे की तारेतल्या उबेमुळे, हे कसं सांगणार? त्यातून जंक्शनची धारकता आणि घर्षण वेगळेपणाने मोजलेली नव्हती. ती निष्कर्षातूनच मागे काढावी लागत होती.

बर्कलीत क्लार्क आता प्राध्यापक होते. फ्रान्सहून देवोरे पोस्ट-डॉक म्हणून आलेले, आणि मार्टिनिस पीएचडीचा विद्यार्थी. त्यांनी काय केलं? बारीक तारेचं वेटोळं धातूच्या नळीत ठेवून ती नळी तांब्याच्या भुकटीने भरली. भुकटीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यामुळे कण एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग राहतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग अफाट होतो. सूक्ष्मलहरी त्या पृष्ठभागात जिरून जातात, आणि मोजमापासाठी हवा तो मंद प्रवाह तेवढा खाली पोचतो. अशी गाळणी वेगवेगळ्या तापमानांच्या टप्प्यांवर बसवली. मग बाहेरून सूक्ष्मलहरी सोडून जंक्शनचे सगळे गुणधर्म त्याच्या जागेवर, आधीच मोजून ठेवले, म्हणजे सिद्धान्ताचं भाकीत कुठलाही आकडा मागाहून न जुळवता काढता येईल. प्रवाह हजारो वेळा वाढवत नेऊन गोटी नेमकी कधी निसटते ते टिपलं. तापमान खाली नेलं तसा वेग घटत गेला आणि मग थबकला. भाकिताप्रमाणे तो जिथे थबकायला हवा होता तिथेच, सुमारे 36 मिलिकेल्विनच्या उष्णतेएवढ्या वेगावर. मग त्यांनी स्वतःलाच उलटा प्रश्न घातला. चुंबकी क्षेत्र लावून त्याच जंक्शनची पन्हाळी उथळ केली, जेणेकरून टनेलिंगची पाळी आणखी खालच्या तापमानाला यावी. तारांतून गोंगाट येत असता, तर वेग पूर्वीच्याच जागी अडला असता. तो अडला नाही, थंडीबरोबर खाली येत राहिला. म्हणजे तारा खरोखर शांत होत्या.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सर्वांत देखणी जागा हीच, नोबेलच्या मानपत्रात जिला वेगळं नाव मिळत नाही ती. 1985च्या शरदात दोन निबंध आले, एक टनेलिंगचा आणि दुसरा सूक्ष्मलहरींच्या ठरावीक वारंवारतांनाच मंडल प्रतिसाद देतं, म्हणजे त्याच्या ऊर्जेला पायऱ्या आहेत, हे दाखवणारा.

नंतरची कथा आपल्या मिशनच्या कागदपत्रांत आहेच. 1999 मध्ये जपानमधल्या एनईसीच्या नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी अशा मंडलाचा क्यूबिट चालवून दाखवला. त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजावं लागे. 2000 मध्ये स्टोनी ब्रुक आणि डेल्फ्ट इथे उलटसुलट प्रवाहांची एकत्र अवस्था दिसली, लेगेट यांच्या शंकेला आणखी जवळून भिडणारी. 2007 मध्ये येलमध्ये ट्रान्समॉन नावाचा क्यूबिट आला. 2019 मध्ये मार्टिनिस यांच्या नेतृत्वाखाली गुगलचं 53 क्यूबिटचं यंत्र. पुंजभौतिकी मोडण्याची जागा लेगेट यांना अजून मिळालेली नाही. शंका घेताना त्यांनी जो रस्ता खोदायला लावला, त्यावरून मात्र आता सगळी वर्दळ चालली आहे.

आणि तो रस्ता कुलाब्यापर्यंत येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिवाहक क्यूबिटवर काम करणारे आर. विजयराघवन यांनी येलमध्ये पीएचडी केली ती देवोरे यांच्याकडे. ऑगस्ट 2024 मध्ये टीआयएफआर आणि पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा यांनी 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. सहा हा आकडा वर्तमानपत्राला किरकोळ वाटला असेल, मला वाटत नाही. त्याआधी, 2016 मध्ये, याच संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शुद्ध बिस्मथ 0.00053 केल्विनला अतिवाहक होतो असं आढळलं. बिस्मथमध्ये लाख अणूंमागे जेमतेम एक वाहक इलेक्ट्रॉन असतो. रूढ सिद्धान्ताप्रमाणे तो अतिवाहक व्हायला नकोच. हा शोध कोणत्याही मिशनचा नव्हता. एवढी थंडी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवणारी माणसं एका इमारतीत होती, एवढंच.

मंडळाला माझं म्हणणं आता कळलं असेल. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर अभ्यासक्रम आपण आणलात, चांगलं केलंत. बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि आपल्या पवईत केंद्रं नेमलीत. पण या सगळ्यात कातकाम करणारा, निर्वात पंप खोलणारा, हेलियमची गळती शोधणारा, केसाएवढी तार भुकटीत पुरणारा माणूस कुठे बसतो? देशातल्या कित्येक विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत काच फुंकणारा निवृत्त झाला आणि त्याची जागा पुन्हा भरलीच गेली नाही. क्यूबिट थंड ठेवणारा डायल्यूशन फ्रिज परदेशातून येतो, बसवायला परदेशातला माणूस येतो, आणि वर्षभराने एक झडप अडकली की त्याच माणसाच्या व्हिसाची वाट बघत फ्रिज बंद पडून राहतो. त्यातलं हेलियम-3 तर ट्रिटियमच्या क्षयातून, म्हणजे मुख्यतः अण्वस्त्रांच्या साठ्यांच्या कृपेने येतं, आणि साधं हेलियमही आपण आयातच करतो. असं हेलियम प्रयोगशाळांच्या छतातून हवेत सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही.

म्हणून मागणी अशी. लायडनच्या धर्तीवर उपकरण-कारागिरांची एक शाळा मिशनने काढावी, मुंबईत किंवा पुण्यात, जिथे शेजारीच थंड प्रयोगशाळा आहे आणि आयटीआयची मुलंमुली पोचू शकतात. प्रवेश दहावी-बारावीनंतर आणि आयटीआयनंतर. तीन वर्षांपैकी निम्मा काळ प्रत्यक्ष प्रयोगशाळेत, विद्यावेतन पूर्ण. काचकाम, सूक्ष्म कातकाम, निर्वात तंत्र, हेलियमचं संकलन आणि पुनर्द्रवीकरण, कमी तापमानाचं तारकाम आणि गाळणी. बाहेर पडणाऱ्यांसाठी चारही केंद्रांत कायम जागा, कंत्राटी नव्हेत, आणि निबंधावर त्यांची नावं. मिशन मुळात 2031 मध्ये संपणारं आहे, तेव्हा ही शाळा मिशनच्या आयुष्याला बांधू नका. निधी वेगळा काढून ठेवा.

आपण म्हणाल, संसदेत आकडा द्यावा लागतो आणि क्यूबिट मोजता येतात. मान्य. मग वार्षिक अहवालात क्यूबिटच्या संख्येशेजारी तीन रकाने आणखी छापा. क्यूबिट किती मायक्रोसेकंद टिकतो, बंद पडलेला फ्रिज आपल्या माणसांनी किती दिवसांत सुरू केला, आणि वापरलेल्या हेलियमपैकी किती परत गोळा झालं.

आणि एक छोटी रक्कम अशा प्रस्तावांसाठी ठेवा, ज्यांत उपयोगाचा रकाना कोरा सोडायची मुभा असेल. ग्रीक-लॅटिन शिकून आलेला एखादा उमेदवार, पुंजभौतिकी मोठ्या वस्तूंत कुठे मोडते ते शोधायचंय म्हणत आला, तर त्याला पात्रतेच्या अटीवर बाद करू नका.

शाळेची पहिली तुकडी वीस जणांची असली तरी चालेल. पहिला धडा म्हणून त्यांच्याकडून तांब्याच्या भुकटीचं एक गाळणं बनवून घ्या आणि ते खोलीच्या तापमानाला किती सूक्ष्मलहरी अडवतं ते त्यांनाच मोजू द्या. त्याला लागणारा खर्च एखाद्या प्राचार्याच्या सहीने मंजूर होईल एवढाच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मराठीत विज्ञान लिहिणारा एक करदाता